घट्ट केला तर घसरतो, सैल केला तर सुटत नाही : बेळगावातल्या एका जुन्या जीपची तपासणी

गेल्या वर्षीच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एका जीपची रेस अडकली. बेळगावची ही मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या गर्दीची कल्पना आहे. पुढे लेझीमची पोरं, मागे ट्रॉलीवर देखावा, आणि मधे ती जुनी जीप पहिल्या गिअरमध्ये तासन् तास मुंगीच्या पावलांनी चाललेली. रात्री उशिरा एका चढावर क्लचचा जळका वास यायला लागला. चालवणाऱ्याने एक्सलेटर आणखी दाबला आणि मग पाय काढला तरी इंजिन खाली येईना. नशिबाने त्याने घाबरून नुसता ब्रेक दाबत न बसता चावी बंद केली. पोरांना काही झालं नाही. पण जीपच्या मालकांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं, एकतर हिच्यात डिझेल इंजिन आणि त्याचा क्लच-गिअरबॉक्स टाकायचा, नाहीतर भंगारात द्यायची.

मंडळातल्या एकाने त्यांना माझं नाव सांगितलं. मी इतिहास शिकलेला माणूस नाही. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलं, इतिहासाचा नाद नंतर लागला. त्यामुळे जुनी गाडी समोर आली की मला ती एकाच वेळी यंत्रही वाटते आणि दप्तरही. या लेखात त्या जीपची तपासणी कशी केली ते क्रमाने लिहितो. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांना तिचा उपयोग व्हावा, आणि चांगला जुना क्लच विनाकारण उतरवण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढाच हेतू.

गाडी कोणती

गाडी म्हणजे सीजे-३बी, उंच बॉनेटची जीप. विलिस कंपनीने अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आणलं. त्यातलं 'हरिकेन' इंजिन चार सिलिंडरचं, १३४ घनइंचाचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन आधीच्या लष्करी जीपच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि बॉनेटही वर गेलं. आपल्याकडे महिंद्राने विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस, आणि पुढे सीजे-३बी इथेच बनू लागली. स्टिअरिंग डावीकडे, आणि मागच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेलं. ते वाचत वाचत इंग्रजी शिकलेली एक पिढी आपल्यात आहे.

ही जीप खानापूर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची. सध्याच्या मालकांच्या वडिलांनी ती १९६४ साली घेतली. आरसी बुकावर मैसूर राज्याचा शिक्का आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून मैसूरमध्ये गेला आणि १९७३ साली मैसूरचं कर्नाटक झालं, हे सगळे जाणतात. पण तो मधला सतरा वर्षांचा काळ आज हातात धरता येतो तो अशा कागदांतूनच. म्हणून भंगाराची गोष्ट निघाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मालक म्हणाले, "साहेब, तीन वर्षांत दोन क्लच प्लेटा घातल्या. आता किती पैसे ओतायचे सांगा की."

हे वाक्य महत्त्वाचं होतं. अशा जीपची प्लेट, रोजचा वापर नसताना, दीड वर्षात संपत नाही. दोनदा संपली असेल तर प्लेट हा आजार नाही, लक्षण आहे.

पेडलपासून प्लेटपर्यंत

या जीपमध्ये क्लचला हायड्रॉलिक काही नाही, सगळा खेळ तरफांचा आहे. पेडल फ्लोअरच्या खाली एका शाफ्टवर फिरतं. पेडल दाबलं की एक रॉड ओढला जातो. तो रॉड एका आडव्या नळीचा एक हात फिरवतो. या नळीचं एक टोक चेसिसवर गोळीसारख्या बॉलवर टेकलेलं, दुसरं टोक गिअरबॉक्सच्या बाजूला तसंच बॉलवर. नळीचा दुसरा हात एक आखूड तारदोर ओढतो. तो तारदोर बेल हाउसिंगमधून बाहेर आलेला फोर्क ओढतो. फोर्क आत रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या तीन बोटांवर दाबतं, आणि मग कुठे क्लच प्लेट मोकळी होते.

आता मोजा. पेडलचा शाफ्ट, रॉडच्या दोन पिना, नळीचे दोन बॉल, तारदोराची दोन टोकं, फोर्कचा आतला टेकू. आठ जागा झाल्या. प्रत्येक जागी थोडी झीज झाली की तेवढी हालचाल वाया जाते. आणि ही सगळी साखळी तरफेची असल्यामुळे बेअरिंगजवळचा एक मिलिमीटर पेडलवर कितीतरी पट मोठा होऊन दिसतो. रिलीज बेअरिंग आणि बोटं यांच्यात साधारण दीड मिलिमीटर मोकळी जागा हवी असते. तेवढ्याचा पेडलवर सुमारे एक इंच मोकळा खेळ होतो. मेकॅनिक लोक यालाच 'प्ले' म्हणतात.

इथेच घोळ आहे. पेडलवर हाताला लागणारा प्ले हा दोन गोष्टींची बेरीज असतो: बेअरिंगजवळची खरी मोकळी जागा, आणि सांध्यांतली झीज. पहिली हवीच, दुसरी नको. पण पेडलवर हात ठेवून या दोन्ही वेगळ्या ओळखता येत नाहीत.

समजा सांध्यांची झीज एवढी वाढली की तिचाच प्ले दीड-पावणेदोन इंच झाला. मेकॅनिक पाहतो, पेडल अर्ध्यापर्यंत मोकळं जातंय, गिअर कुरकुरतोय. तो तारदोराचा नट आवळतो. गिअर पडायला लागतो, गाडीवाला खूष. पण आवळताना आतली दीड मिलिमीटर जागा संपलेली असते. आता बेअरिंग कायम बोटांवर घासतं, प्रेशर प्लेट पूर्ण जोराने दाबत नाही, क्लच घसरतो, तापतो, प्लेट जळते. नवी प्लेट घातली तरी सांधे तेच असल्यामुळे पुन्हा तेच. नट सैल केला तर क्लच सुटत नाही, घट्ट केला तर घसरतो.

दोन्ही तक्रारी एकाच गाडीत, नट फिरवेल तशा आलटून पालटून येत असतील तर आधी संशय लिंकेजवर घ्यावा. या तपासणीतून मला सापडलेलं सूत्र एवढंच आहे. बाकीचं सगळं ते पडताळण्यासाठी.

तपासणी : गाडी न उघडता

खाली दिलेल्या गोष्टी दोन माणसांनी, सपाट जागी, चाकांना पुढे-मागे दगड लावून कराव्यात. गाडीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. खाली जायचं असेल तेव्हा इंजिन बंद आणि चावी खाली जाणाऱ्याच्या खिशात.

पहिली, घसरण. हँडब्रेक ओढून इंजिन चालू करा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच आणि दोन-तीन सेकंदच करायची. पुन्हा पुन्हा केली तर जी प्लेट वाचवायची तीच जळेल.

दुसरी, सुटणं. इंजिन मंद गतीवर, क्लच पूर्ण दाबा, मनात दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सच का, तर या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला आहे, त्यामुळे तिथली खोट झाकली जाते. रिव्हर्स खोटं बोलत नाही. दहा मोजूनही कुरकुर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही.

तिसरी, आवाज. पेडलला पाय नुसता टेकवल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल पूर्ण दाबून धरल्यावरच आवाज आला तर फ्लायव्हीलमधल्या पायलट बुशवर. पेडल मोकळं, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि तरी आवाज, आणि क्लच दाबल्यावर तो थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर.

चौथी, तेल. बेल हाउसिंगच्या तळाला छोटं भोक असतं. तिथून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर मागचं सील गेलेलं आहे आणि प्लेटवर तेल उडत असणार. मग क्लच घसरण्याचं कारण तिथेही असू शकतं आणि गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

आमच्या जीपचा निकाल असा: तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे घसरत होता. पाय टेकवायच्या आधीपासूनच बारीक घरघर होती आणि पाय टेकवल्यावर ती वाढत होती. तळाचं भोक कोरडं होतं, हा दिलासा.

खडू आणि फुटपट्टी

मग खरी तपासणी. इंजिन बंद. मालकांचा मुलगा सीटवर बसला, मी खाली. पेडलच्या शेजारी लाकडी फुटपट्टी उभी धरायला सांगितली. खाली प्रत्येक सांध्यावर, पिनवर आणि तिच्या भोवतीच्या भागावर मिळून एक खडूची रेघ मारली. सांधा घट्ट असेल तर रेघ सरळ राहते, झिजलेला असेल तर पेडल दाबताच रेघ तुटते.

मुलाला सांगितलं, अगदी सावकाश दाब आणि मी थांब म्हटलं की माप वाच. पेडल हललं, रॉड हलला नाही. मग रॉड हलला, नळी हलली नाही. मग नळी आपल्या जागेवरच थोडी वर उचलली गेली, कारण चेसिसकडच्या बॉलची वाटी लंबगोल झाली होती. मग कुठे तारदोर ताणला गेला. फोर्कने पहिली हालचाल केली तेव्हा मी ओरडलो, आणि वरून उत्तर आलं, "पावणेदोन इंच!"

आणि फोर्क हलला तो पहिल्याच क्षणी जड हलला. म्हणजे मोकळा खेळ काहीच नव्हता, बेअरिंग आधीच बोटांवर बसलेलं होतं. कागदावर मांडलं तर असं: सांध्यांतला प्ले पावणेदोन इंच, आतली मोकळी जागा शून्य. हवं होतं ते बरोबर उलटं, सांध्यांत शक्य तितकं कमी आणि सगळा मिळून सुमारे एक इंच.

पिना काढल्या. एका पिनेला मधे खाच पडून ती डमरूसारखी झाली होती. दुसरी पीन मूळची नव्हतीच, कोणीतरी बोल्ट कापून बसवला होता आणि त्याचे आटे भोकाला कानशीसारखे घासत बसले होते. भोक चांगलंच मोठं झालेलं. या सगळ्याला खर्च किती, तर लेथवर दोन तासांचं काम. त्याआधी दोन प्लेटा, दोनदा गिअरबॉक्स उतरवणं, आणि आता अख्खं इंजिन बदलण्याचा विचार. ज्या गॅरेजमध्ये प्लेटा घातल्या त्यांना मी दोष देत नाही. वर बसून पेडल दाबलं की दोष प्लेटचाच वाटतो, खाली झोपून बघायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कोणी देत नाही.

मग रेस का अडकली?

क्लचचं कळलं, पण मिरवणुकीत जीव घेऊ शकला असता तो एक्सलेटर. हे दोन वेगळे दोष समजून तपासले असते तर मला संबंध लागला नसता.

जीपचा एक्सलेटरसुद्धा रॉडचाच. पेडलपासून रॉड पुढे जातो, इंजिनावर एका एल आकाराच्या तरफेला मिळतो, जिला मेकॅनिक बेलक्रँक म्हणतात, आणि तिथून दुसरा रॉड कार्बोरेटरच्या हाताला. परत आणायला स्प्रिंग. याशिवाय डॅशबोर्डवर हाताने ओढायची थ्रॉटल केबल असते, पंप वगैरे चालवायला इंजिन एका गतीवर ठेवावं म्हणून. बरेच लोक ती कधीच वापरत नाहीत आणि विसरून जातात.

तपासायची रीत अशी. इंजिन बंद. एअर क्लीनरची नळी काढून एकाने कार्बोरेटरच्या हाताकडे बघायचं, दुसऱ्याने पेडल पूर्ण दाबून हळू सोडायचं. तीन गोष्टी बघायच्या: हात पूर्ण उघडतो का, सुटल्यावर टक्‌ करून मंद गतीच्या स्क्रूवर येऊन बसतो का, आणि मधे कुठे रेंगाळतो का. रेंगाळत असेल तर कार्बोरेटरकडचा रॉड सोडवून हात बोटाने फिरवायचा. तरीही जड असेल तर दोष स्पिंडलमध्ये. मोकळा फिरत असेल तर दोष रॉडमध्ये किंवा बेलक्रँकमध्ये. त्यानंतर हात-थ्रॉटलची केबल सोडवून पुन्हा तेच. एकावेळी एकच सांधा सोडवायचा, म्हणजे दोषी कोण ते आपोआप कळतं. फ्लोअरवरची रबर मॅट पेडलखाली सरकलेली नाही ना, हेही बघा. हसू नका, तेही सापडतं.

आमच्या जीपमध्ये पेडल पाऊणपर्यंत दाबलं तर सगळं व्यवस्थित परत येत होतं. पूर्ण दाबलं की पाचातून एकदा अडकत होतं. बेलक्रँकचं बुश झिजून ती तिरपी व्हायला लागली होती आणि शेवटच्या टप्प्यात तिचा हात शेजारच्या ब्रॅकेटच्या कडेला जाऊन बसत होता. स्प्रिंग कुठल्यातरी दुसऱ्याच यंत्राची, मऊ पडलेली. तिच्यात त्याला सोडवायचा जोर नव्हता. हात-थ्रॉटलची केबल गंजून अर्धी ओढलेलीच राहिली होती, ती सोडवायला आणखी विरोध करत होती.

मालक म्हणाले, इतकी वर्षं कधी अडकला नाही. बरोबर आहे. शेतात, गावात एक्सलेटर कधी टोकापर्यंत दाबावाच लागला नव्हता. त्या रात्री क्लच घसरत होता, गाडी ओढत नव्हती, म्हणून पाय टोकापर्यंत गेला, आणि त्या टोकाला हा सापळा बसलेला होता. क्लच घसरला नसता तर रेस अडकली नसती.

अशी वेळ आलीच तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवं: चावी बंद, आणि लगेच ब्रेक. या जीपला ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नाही आणि स्टिअरिंगला लॉक नाही, त्यामुळे इंजिन बंद केलं तरी दोन्ही पूर्वीसारखेच चालतात. क्लच दाबून उभं राहिलं तर इंजिन मोकळं सुटून वाटेल तेवढं फिरतं. त्यामुळे आधी चावी.

धक्के : क्लचचे की एक्सलेटरचे?

आणखी एक तक्रार होती: पहिल्या गिअरमध्ये सुटताना गाडी घोड्यासारखी उड्या मारते. यालाही सगळे क्लच प्लेट म्हणतात. कधी ती असते, विशेषतः प्लेटवर तेल असेल तर. पण आधी एक गोष्ट बघावी.

एक्सलेटरचं पेडल बॉडीवर आहे, कार्बोरेटर इंजिनावर आहे, आणि इंजिन रबरावर बसलेलं आहे. रबर मऊ पडलं असेल तर क्लच धरताच इंजिन डोलतं. पाय जागेवरच असला तरी इंजिन डोललं की पेडल आणि कार्बोरेटर यांतलं अंतर बदलतं, म्हणजे रेस आपोआप कमी-जास्त होते. रेस बदलली की इंजिन पुन्हा डोलतं. हे चक्र सुरू झालं की गाडी उड्या मारते. क्लचच्या नळीचंही एक टोक चेसिसवर आणि दुसरं गिअरबॉक्सकडे असल्यामुळे तिलाही हाच त्रास होतो.

विलिसच्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून क्लच दाबताना इंजिन पुढे-मागे सरकू नये यासाठी त्यांनी खाली एक तारदोर दिला होता. इंजिनाचा मागचा भाग आणि चेसिसचा आडवा मेंबर यांना तो बांधून ठेवतो. आपल्याकडच्या कितीतरी जीपमध्ये तो कधीतरी काढून ठेवलेला असतो आणि परत बसवलेला नसतो. आमच्या जीपमध्ये त्याची भोकं होती, तारदोर नव्हता.

ओळखायची सोपी खूण आहे. सपाट मोकळ्या जागी हात-थ्रॉटल थोडा ओढून रेस स्थिर ठेवा, एक्सलेटरवरून पाय काढा आणि क्लच हळू सोडा. धक्के गेले तर दोष पाय आणि पेडलच्या बाजूचा आहे, राहिले तर माउंटिंग, तारदोर आणि मग प्लेट, या क्रमाने बघायचं. अर्थात हे हात-थ्रॉटलची केबल आधी साफ करूनच.

दुरुस्ती

नव्या पिना लेथवर काढून कडक करून घेतल्या. मोठी झालेली भोकं बोअर करून त्यात बुश बसवले, म्हणजे मूळ भाग टाकावे लागले नाहीत. लंबगोल झालेली बॉलची वाटी बदलली. बेलक्रँकला नवं पितळी बुश. एक्सलेटरला योग्य ताकदीची स्प्रिंग, आणि तिच्या जोडीला दुसरी, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. हात-थ्रॉटलची केबल नवी. इंजिनचं मागचं रबर नवं, आणि राहिलेला तो तारदोर बसवून जेमतेम ताठ होईल एवढाच आवळला. फार आवळला तर इंजिनाची थरथर सगळी चेसिसवर येते.

यानंतर रिलीज बेअरिंगसाठी एकदा गिअरबॉक्स उतरवावाच लागला. पण आत प्लेट अजून चालण्यासारखी निघाली. कडा थोड्या काळवंडल्या होत्या, जाडी पुरेशी होती. तिसरी प्लेट घ्यावी लागली नाही.

शेवटी लॉकनट सैल करून तारदोराची लांबी लावली. पेडलवर बरोबर एक इंच प्ले, त्यातला जेमतेम पाव इंच सांध्यांचा. दहा मोजून रिव्हर्स टाकला, बिनआवाज पडला.

काढलेल्या भागांचं काय करायचं

इथे मंडळाच्या सदस्यांशी थोडं बोलायचं आहे. बेलक्रँक उघडल्यावर तिच्या मागे वॉशर म्हणून एक भोकाचा पैसा निघाला. १९४३ ते १९४७ या काळात ब्रिटिश सरकारने काढलेला तो मधे भोक असलेला ब्राँझचा पैसा. चलनातून गेल्यावर तो वॉशर म्हणून वापरला जायचा असं आपण ऐकतो, इथे तो प्रत्यक्ष कामावर होता. मालकांच्या आईंना दाखवला. काकू बघून म्हणाल्या, "आमच्या ह्यांचंच काम हे. घाटात गाडी बंद पडली की खिशात काय असंल ते लावून घरी आणायचे."

बोल्ट कापून केलेली पीन, दुसऱ्या यंत्राची स्प्रिंग, भोकाचा पैसा. यंत्र म्हणून बघितलं तर हे सगळे दोष आहेत, आणि त्यातल्या दोघांनी त्या रात्री जवळजवळ घात केला होता. दस्तऐवज म्हणून बघितलं तर सुटे भाग मिळत नव्हते तेव्हा इथल्या माणसांनी गाडी कशी चालू ठेवली याची ती नोंद आहे. बेळगाव हे हातचलाख कारागिरांचं गाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते इथेच. पण त्यांच्यामागून आलेल्या शेकडो मेस्त्रींची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांची कामं आहेत ती अशी, गाड्यांच्या खाली, ग्रीसमध्ये बुडालेली.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे तो सांधा निर्धास्त नवा करायचा, तिथे जुनेपणाचं कौतुक नको. पण काढण्याआधी जागेवर फोटो, काढल्यावर माप, आणि जुना भाग डब्यात चिठ्ठीसह जपून. चिठ्ठीवर तारीख, कुठून काढला, का काढला. त्या जीपचा असा एक बिस्किटांचा डबा आता काकूंच्या कपाटात आहे. पैसाही त्यातच.

आणि डिझेल इंजिनाबद्दल. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी आणि चारचाकी वाहनं तिच्यात बसतात. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९६४ची ही जीप त्यात बसू शकते. डिझेल इंजिन टाकलं असतं तर तो रस्ताच बंद झाला असता, आणि तोही दोन पिना आणि एका वाटीपायी.

यंदाच्या मिरवणुकीत ट्रॉली ट्रॅक्टरने ओढली. ते मीच सुचवलं होतं. साठ वर्षांच्या क्लचला रात्रभर अर्धवट धरून ठेवणं हे कोणत्याही दुरुस्तीने योग्य ठरत नाही. जीप सकाळी पूजेला आली, मालकांचा मुलगा चालवत होता. पार्किंगमध्ये लावताना त्याने क्लच दाबला, ओठ हलवत दहापर्यंत मोजलं आणि रिव्हर्स टाकला.